हेच माझे म्हणणे

मिल्टन कीन्स,
११ जानेवारी २०२६

ऋजुता,

आशीर्वाद आधी, मुद्दे नंतर. नाताळात तू फोनवर जे बोललीस त्यातले निम्मे मला ऐकू आले आणि उरलेल्या निम्म्याविषयी मी अंदाज बांधले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंदाजांवर भिस्त ठेवणे बरे नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. तूही पत्रानेच उत्तर दे.

पहिला मुद्दा सभेचा. आपल्या मराठी मंडळाची वादसभा यंदा वीस जूनला भरेल. सार्वमताला त्याच सुमारास दहा वर्षे पूर्ण होत असल्यामुळे विषय ठरला आहे तो असा: 'ब्रिटनने युरोपीय संघात परत जावे.' तू या बाजूने बोलणार आहेस. विरुद्ध बाजूला कोण आहे हे तुझ्या आईने, सीमाने, तुला सांगितले नसेल, तर मी सांगतो. तुझे वडील. अतुलने मंडळाच्या कार्यक्रमात आजवर खुर्च्या लावण्यापलीकडे भाग घेतलेला नाही, त्यामुळे यादीत त्याचे नाव वाचून मला आश्चर्य वाटले. अध्यक्ष नेहमीप्रमाणे मीच आहे.

नियम तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. वक्त्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षाच्या वतीने सांगायचे. प्रतिपक्षाने उभे राहून "हो, हेच माझे म्हणणे" असे म्हटले, तरच स्वतःची बाजू सुरू करायची. पुण्यात तर्कशास्त्र शिकवत होतो तेव्हा हा नियम मी वर्गात पाळत असे. इथे आणल्यावर लोकांना तो जाच वाटला. मागे 'गणपती शनिवार-रविवार पाहून बसवावेत का' या विषयावर दोन वक्ते पूर्वपक्षातच तासभर अडकले आणि बटाटेवडे निवले. ते मला अजून ऐकवले जाते. त्या सभेत कोणी कोणाला मूर्ख म्हटले नाही, हे मात्र कोणी ऐकवत नाही.

दुसरा मुद्दा ब्रॅकनेलचा. नोव्हेंबरात मी रेडवेवर, म्हणजे इथल्या लाल पायवाटेवर, ओल्या पानांवरून घसरलो. मनगट मुरगळले, बाकी काही नाही. तेवढ्यावरून अतुलने आपल्या घरी तळमजल्यावर माझ्यासाठी एक खोली करून घेतली आहे, आणि मी हे घर सोडून तिथे राहावे असे त्याचे म्हणणे आहे. त्याने बरीच कारणे दिली. मी प्रत्येकाला उत्तर दिले. पडण्याची भीती म्हणावी, तर पाने ब्रॅकनेललाही गळतात. एकटेपणा म्हणावा, तर शेजारच्या सुप्रभाबाई रोज सकाळी कुंपणावरून हाक मारतात. शेवटी त्याच्याकडे बोलण्यासारखे काही उरले नाही आणि विषय निकाली निघाला. त्यानंतर एकाही रविवारी तो इकडे फिरकलेला नाही. कामात असावा. खोली सीमाच्या शिवणकामाला उत्तम आहे, एवढे त्याला माझ्या वतीने सांग.

— आजोबा

*

केंब्रिज,
२५ जानेवारी २०२६

आजोबा,

नमस्कार, आणि मोबाइल खाली ठेवून केलेला. मराठी पत्र लिहायला मला पूर्ण वीकेंड लागतो, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

बाबा विरुद्ध बोलणार हे मला माहीत नव्हतं. मी त्याला मेसेज केला, "सिरियसली?" त्याने फक्त अंगठा पाठवला.

माझं रिसर्च काय आहे हे तुम्ही मागे विचारलं होतं. लोकांचा ईयूवरचा विश्वास कसा बदलला हे आमचा ग्रुप बघतो. ग्राफ सगळ्यांना माहीत आहे. २००७च्या आसपास निम्म्याहून जास्त लोक 'विश्वास आहे' म्हणायचे, मग आर्थिक क्रायसिसमध्ये तो धाडकन खाली गेला, २०१३च्या सुमाराला तळ, आणि मग हळूहळू परत वर. पण माझं काम आकड्यांचं नाही. सर्व्हेच्या शेवटी एक बॉक्स असतो, 'आणखी काही सांगायचं आहे का?' त्यात लोक जे लिहितात ते मी वाचते. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. रिकाम्या बॉक्सचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही.

पूर्वपक्ष लिहिला. "युरोप सोडायला निघालेल्यांना इमिग्रेशनची भीती होती, त्यांना खोटी आश्वासनं दिली गेली, आणि जुन्या ब्रिटनची आठवण त्यांना गोड वाटत होती." बाबाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "कोणाबद्दल बोलतेयस तू? मी सहा वर्षांचा असताना पुण्याहून इथे आलो. मला कसली जुन्या ब्रिटनची आठवण?" म्हणजे फेल.

आता ब्रॅकनेल. खोली खूप छान झालाय. आईने खिडकी बागेच्या बाजूला घेतली आहे आणि बाथरूमला उंबरा ठेवला नाही. शिवणकामाचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी शेवटचं बटण कधी लावलं ते तुझ्या आजोबांना विचार."

एक बोलू? युरोपचा विषय निघाला की तुम्ही म्हणता, सगळ्यांनी जवळ यावं, थोडं थोडं सोडावं. ब्रॅकनेलचं नाव काढलं की तुम्ही पक्के ब्रेक्झिटवाले होता. आणि बाबा घरात सगळ्यांना जवळ आणायला बघतोय, ज्याने लीव्हला मत दिलं.

बाबा कामात नाहीये. मी विचारलं, का जात नाहीस. म्हणाला, "जाऊन काय करू? अण्णा जिंकतात."

— ऋजुता

*

मिल्टन कीन्स,
८ फेब्रुवारी २०२६

ऋजुता,

'खोली' स्त्रीलिंगी आहे आणि माझा नकार पुल्लिंगी. दोन्ही आहेत तसे राहतील.

तुझी उपमा चुरचुरीत असली तरी लंगडी आहे. संघात सामील होणारा देश आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या तळमजल्यावर राहायला जात नाही.

आता तुझा पूर्वपक्ष. त्यात तू प्रतिपक्षाची कारणे लिहिली नाहीस, त्याचे निदान लिहिलेस. भीती, फसवणूक, स्मरणरंजन ही लक्षणे झाली. आपली लक्षणे ऐकून कोणी उभा राहून "हो, हेच माझे म्हणणे" असे म्हणत नसतो. प्रतिपक्षाला शहाणा समजल्याखेरीज पूर्वपक्ष लिहिता येत नाही. तुझ्या क्षेत्रातले पुष्कळ विद्वान याच जागी अडखळलेले दिसतात.

अतुलचा खरा पूर्वपक्ष मी लिहून देतो.

तुझ्या वडिलांचा चुलतभाऊ परीक्षित. पुण्यात इंजिनियर होता, इथे नोकरी करायची फार इच्छा होती. त्याचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. त्याच काळात युरोपातला कोणीही कोणाला न विचारता इथे येऊन कामाला लागू शकत असे. अतुलला हे लागले होते, मला आठवते. नंतर २०१६ साली आमच्या शेजारी समर भाड्याने राहत होता. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, इथे येऊन जेमतेम वर्ष झालेले. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे त्याला सार्वमतात मत होते. समोरची पोलिश काशा बारा वर्षे इथे होती, मुले इथल्या शाळेत जात होती, तिला मत नव्हते. समरला मतदान केंद्र सापडेना, म्हणून मीच त्याला घेऊन गेलो. काशा दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. वाटेत समर म्हणाला, "काका, मला कोणाचा राग नाही. पण आम्ही रांगेत आणि ते बाजूच्या दाराने आत, हे बरोबर नाही. सगळ्यांना एकच रांग करा." मी स्वतः राहण्याच्या बाजूने मत दिले, हे तुला माहीत आहे. तरी समरच्या बोलण्यात तर्क होता, हे मी तेव्हाही मान्य केले.

तेव्हा अतुलचे म्हणणे असे: जी व्यवस्था जवळच्याला दार आणि दूरच्याला रांग देते, तिच्यावर दुरून आलेल्या माणसाने विश्वास का ठेवावा. हे त्याला वाचून दाखव. तो हो म्हणेल, याची मला खात्री आहे.

— आजोबा

*

केंब्रिज,
१ मार्च २०२६

आजोबा,

काल ब्रॅकनेलला गेले होते. बाबा डिशवॉशर भरत होता. तुमचं पान मी उभ्याने, मोठ्याने वाचलं. त्याने मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाला, "सुंदर लिहिलंय. पण हा मी नाही. हा अण्णांच्या डोक्यातला अतुल आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे तो."

आई म्हणाली, "आणि तो डिशवॉशर नीट भरत असेल."

मग बाबानेच माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तो बोलला तसंच लिहिते.

"ब्याण्णव साली युरोपीय संघाच्या करारावर डेन्मार्कने काय म्हटलं?"

"नाही म्हटलं."

"मग?"

"पुढच्या वर्षी परत विचारलं. हो म्हणाले."

"आयर्लंड?"

"दोन करारांना नाही. दोन्ही वेळा परत विचारलं, दोन्ही वेळा हो."

"फ्रान्स आणि नेदरलँड्सने युरोपची राज्यघटना पाडली, त्याचं काय झालं?"

"बरंचसं तेच लिस्बन करारात आलं. त्या वेळी त्यांच्या लोकांना विचारलंच नाही."

"बरं. हो म्हटल्यावर कोणाला परत विचारलं?"

मी म्हटलं, बाबा, हे अनफेअर आहे. डेन्मार्कला सवलती मिळाल्या. आयर्लंडला लेखी हमी मिळाली. लोकांचं ऐकलं, बदल केले, आणि मग परत विचारलं. डेमॉक्रसीत आणखी काय करतात?

तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. उत्तर दिलं. नाही म्हणणाऱ्याला नेहमी उत्तर मिळतं. त्याचं 'नाही' तेवढं उरत नाही."

मग त्याने डिशवॉशर बंद केला आणि एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला माहीत असेल, पण दुसऱ्या बाजूने. सतरा वर्षांचा असताना त्याला भूगोल शिकायचं होतं. "अण्णांनी मला डायनिंग टेबलाशी बसवलं. रागावले नाहीत. अण्णा कधीच रागावत नाहीत. दिवसा नियोजन कचेरीत लोकांच्या हरकतींना उत्तरं लिहायचे, संध्याकाळी माझ्या. मी जे कारण देईन त्याला उत्तर. तासाभरात माझी कारणं संपली. मुळात एकच होतं, मला नकाशे बघायला आवडायचं. ते काही कारण होत नाही. मी कॉम्प्युटर सायन्सला गेलो. अण्णा अजून सगळ्यांना सांगतात, अतुलला पटलं."

मी विचारलं, "आणि सोळा साली?"

"त्या मतपत्रिकेवर दोन चौकोन होते," तो म्हणाला. "कारण लिहायला जागा नव्हती. मला तेवढंच बरं वाटलं."

आईने रिमेनला मत दिलं होतं आणि ते दोघं त्या दिवशी एकाच गाडीतून गेले होते.

मी तिसरा पूर्वपक्ष तिथेच किचनच्या वर्कटॉपवर लिहिला. "निरुत्तर झालेला माणूस सहमत झालेला नसतो. ज्यांना प्रत्येक 'नाही'चं कारण द्यावं लागलं आणि प्रत्येक कारणाला उत्तर मिळालं, त्यांनी एकदा कारण न देता 'नाही' म्हटलं." बाबाने हात पुसले, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हो. हेच."

मला ते मान्य नाही, आजोबा. युरोप म्हणजे तुमचं डायनिंग टेबल नाही, आणि सभेत मी हे सगळं खोडून काढणार आहे. पण माझे रिकामे बॉक्स मी सोमवारपासून वेगळ्या नजरेने बघणार आहे. आणि खोलीचा विषय 'निकाली निघाला' असं तुम्ही लिहिलंत, ते मी परत वाचलं.

— ऋजुता

*

मिल्टन कीन्स,
२२ मार्च २०२६

ऋजुता,

हे पत्र टाइप केले आहे. मनगट थोडे दुखते, काळजीचे कारण नाही.

तुझे पत्र मी बाजूला ठेवून तीन दिवसांनी पुन्हा वाचले. माझे म्हणणे क्रमाने मांडतो.

भूगोलाविषयी अतुलला मी त्या संध्याकाळी जी उत्तरे दिली ती बरोबर होती. त्यांतले एकही मी आज मागे घेणार नाही. त्या काळात भूगोलाच्या पदवीला नोकरी नव्हती आणि संगणकाला होती.

तथापि प्रश्न उत्तरांचा नाही, पद्धतीचा आहे. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, वादात हार कुठे मानावी याच्या ठरलेल्या जागा आहेत. उत्तर न सुचणे ही एक जागा. त्या नियमाने त्या संध्याकाळी अतुल हरला. प्रतिपक्षाचे म्हणणे तीनदा ऐकूनही ते त्याच्या वतीने सांगता न येणे, ही दुसरी जागा. तुझ्या पत्रावरून दिसते की या नियमाने मी हरलो आहे, आणि बराच काळ हरत आलो आहे. पण हार कोणाची हे वादीने ठरवायचे नसते, ते सभेतल्या मध्यस्थाने ठरवायचे असते. आमच्या टेबलाशी प्रतिपक्षही मीच होतो आणि मध्यस्थही मीच. अशा सभेचा निकाल रद्द होतो. उलटा होत नाही, रद्द होतो. हा भेद अतुलला समजावून सांग.

याच कारणाने वीस जूनच्या सभेचे अध्यक्षपद मी सोडले आहे. श्यामलाबाई अध्यक्ष होतील. त्या सॉलिसिटर होत्या, आणि तीस वर्षे दोन्ही बाजूंची भांडणे ऐकून त्यांचे कोणाविषयीच चांगले मत राहिलेले नाही. मध्यस्थाला ते उपयोगी पडते.

ब्रॅकनेलचा विषय मी निकाली निघाला असे लिहिले होते. तो निकालही रद्द समजावा. अतुलला मी स्वतः लिहीन. तू त्यात मदत करू नकोस आणि माझी बाजूही मांडू नकोस.

तुझ्या तिसऱ्या पूर्वपक्षात एकही शब्द जास्त नाही. हे मी क्वचितच कोणाला लिहिले आहे.

— आजोबा

*

मिल्टन कीन्स,
१२ एप्रिल २०२६

अतुल,

तू मला पत्र लिहिल्याचे आठवत नाही आणि मीही तुला फारशी लिहिलेली नाहीत, त्यामुळे कशी सुरुवात करावी याचा शिरस्ता आपल्यात नाही. सरळ विषयावर येतो.

माझ्या ब्रॅकनेलला येण्याविषयी तुझे म्हणणे मी तुझ्या वतीने मांडून पाहतो. ते असे: मी पडेन याची तुला भीती वाटते. तुमच्याकडून इथवरच्या येण्याजाण्यात तुमचा रविवार जातो. म्हाताऱ्या वडिलांना एकटे ठेवले असे मंडळात बोलले जाते, ते सीमाला लागते. खोली तयार आहे आणि ती रिकामी पाहणे तुम्हा दोघांना बरे वाटत नाही.

हे तुझे म्हणणे असेल तर 'हो' असे लिहून पाठव. नसेल तर 'नाही' असे लिही. कारण देण्याची आवश्यकता नाही.

— अण्णा

*

ब्रॅकनेल,
१९ एप्रिल २०२६

अण्णा, नमस्कार.

नाही.

कारण द्यायची गरज नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून देत नाही. ही सवलत मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, तेव्हा वापरून घेतो.

एक गोष्ट फक्त कळवतो. सुप्रभामावशींनी सीमाला फोन केला होता. मार्चमध्ये तुम्ही परत पडलात, या वेळी घरात, जिन्याखाली, आणि त्यांनी येऊन उठवेपर्यंत तिथेच बसून होतात. हे तुम्ही ऋजुताला कळवलं नाहीत, मलाही नाही. हा मुद्दा मी मांडला तर जिंकेन. तुमच्याकडेही त्याला उत्तर नाही, म्हणूनच तुम्ही तो लपवलात. तो मी मांडणार नाही. वाद जिंकून आणलेला माणूस त्या खोलीत नुसता बसून राहील. मी त्या टेबलाशी बसलेलो आहे, मला माहीत आहे.

परत एकदा लिहून बघा.

येत्या रविवारी येतो. खोलीबद्दल बोलणार नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवायचा आहे, तो बसवून जाईन.

— अतुल

*

केंब्रिज,
२१ जून २०२६

आजोबा,

काल तुम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलात, तेव्हा निम्मं ऐकू आलं नसणार. म्हणून लिहिते.

मी पूर्वपक्ष मांडला. बाबा उभा राहिला आणि म्हणाला, "हो, हेच माझं म्हणणं." श्यामलामावशींनी घड्याळ बघून म्हटलं, "चला, आज वडे गरम मिळणार." तेव्हा सगळे हसले, ते तुम्हाला कळलं नाही असं वाटलं.

मी डेन्मार्क-आयर्लंडचं उत्तर दिलं, ग्राफ परत वर गेलाय हे सांगितलं, आणि म्हटलं की संस्थेवरचा विश्वास तिला सोडून दिल्याने दुरुस्त होत नाही. मग बाबाची पाळी. त्याने माझा पूर्वपक्ष मांडला. हातात कागद नव्हता. "माझ्या मुलीचं म्हणणं असं, की विश्वास आधी बसतो आणि मग माणसं एकत्र येतात, असं होत नाही. एकत्र राहतात, भांडतात, तडजोडी करतात, त्यातून तो तयार होतो. दुरून तो मोजता येतो, वाढवता येत नाही." माझ्या थिसिसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये मला हे एवढं सरळ लिहिता आलं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हो, हेच माझं म्हणणं." मग काही सेकंद मला खाली बसायचं सुचलं नाही.

त्याचं स्वतःचं भाषण छोटं होतं. "परत जायचं तर खुशाल जाऊ. फक्त या वेळी लोकांना विचारा, आणि जे उत्तर येईल तिथे थांबा." मंडळातल्या वरदाने खालून विचारलं, "आणि उत्तर चुकीचं आलं तर?" तो म्हणाला, "तर चुकीच्या उत्तराबरोबर राहायचं. मी नाही का राहत? आमच्या घरात रिमेनचं बहुमत आहे."

हात वर करून मत घेतलं, मी थोडक्यात हरले. हरले, पण मला पटलेलं नाही. सांगून ठेवते.

तुम्ही कोणत्याच बाजूला हात वर केला नाहीत. बाबाने ते बघितलं. गाडीत मला म्हणाला, "अण्णा रिकामे बसले होते. तुझ्या बॉक्ससारखे."

— ऋजुता

*

मिल्टन कीन्स,
२८ जून २०२६

अतुल,

पहिल्या प्रयत्नात मी तुझ्या नावावर माझी कारणे लिहिली होती. ऋजुताला फेब्रुवारीत मी जे सुनावले, ते मला लागू होते. दुसरा प्रयत्न करतो.

पूर्वपक्ष: तुला मी तिथे हवा आहे. याला कारण तू दिलेले नाहीस आणि मी मागत नाही.

एवढेच. बाकी जे काही लिहिण्याचा मोह झाला ते खोडले आहे.

तू 'हो' म्हटलेस तर आपल्या नियमाप्रमाणे माझी बाजू मांडण्याचा अधिकार मला मिळेल. टपालाचा वेळ वाचावा म्हणून ती आताच कळवतो. माझ्याकडे या म्हणण्याला उत्तर नाही. पण निरुत्तर होणे म्हणजे सहमत होणे नव्हे, हे तू घरात आणि सभेत, दोन्हीकडे सिद्ध केले आहेस. म्हणून सहमती स्वतंत्रपणे लिहितो. मी येतो.

एक कलम मात्र लिहून हवे. मला परत यावेसे वाटले तर कारण न देता परत येता यावे, आणि तोवर हे घर आहे तसे राहावे. युरोपीय संघाच्या करारातही असे कलम आहे. ते वापरले गेले म्हणून पुष्कळांना ती चूक वाटते. मला त्या करारातले ते सर्वांत प्रामाणिक कलम वाटते. बाहेर पडता येते हे ठाऊक असलेला माणूसच आत राहिला, असे म्हणता येते.

काशाने बागेला पाणी घालण्याचे कबूल केले आहे. सुप्रभाबाई म्हणाल्या की मी गेल्यावर त्या कुंपणावरून कोणाला हाक मारणार. त्यांनाही मी उत्तर दिले नाही.

— अण्णा

*

ब्रॅकनेल,
२ जुलै २०२६

अण्णा, नमस्कार.

हो. हेच माझं म्हणणं.

कलम मान्य आहे. सीमाने वाचलं, तीही मान्य म्हणते. तिची एकच दुरुस्ती आहे: परत जाताना जेवून जायचं.

शनिवारी सकाळी मोठी गाडी घेऊन येतो. पुस्तकं तुम्ही काढून ठेवू नका, खोकी मी भरेन. त्या खोलीत पलंगासमोरची भिंत मी रिकामी ठेवली आहे. माझ्याकडे मिल्टन कीन्सचा जुना नकाशा आहे, सतरा वर्षांचा असताना घेतलेला. शहर होण्याच्या आधीचा, सगळी गावं वेगवेगळी दाखवलेला. तो तिथे लावावा असं मनात आहे. तुम्हाला विचारायचं राहिलं होतं.

लावू का? नाही म्हटलंत तरी चालेल. परत विचारणार नाही.

— अतुल